निळी माती वर आली

गावातून कम्बाईनचा, म्हणजे कापणीयंत्राचा, नवा पट्टा गाडीत टाकून मार्लिस उबेन परत आली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. तीन दिवस झड लागली होती, ती त्याच सकाळी उघडली होती. सोयाबीन निघालं होतं, मका उभा होता. पण एवढ्या ओलीत रानात यंत्र घालायचं नसतं हे आयोवात शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून दिवसभर पट्टा बसवावा, यंत्राचं तेलपाणी करावं असा तिचा बेत होता. टेकाडावरच्या वळणाला आली आणि तिने गचकन ब्रेक दाबला.

पाइपलाइनवाले रानात घुसले होते.

दोन पोकलेन आणि एक बुलडोझर. तिन्ही यंत्रांचे पट्टे गुडघा गुडघा रुतलेले, आणि तरीही काम चालूच. शुक्रवारी पाइप पुरायच्या चराच्या दोन अंगांना मातीचे दोन ढीग होते. पूर्वेकडे काळा, पश्चिमेकडे पिवळा-निळा. आता एकच ढीग होता आणि बुलडोझर तो चरात लोटत होता. चर भरला होता तिथे वरचं रान काळं नव्हतंच. राखेसारखं करडं, मध्ये पिवळे डाग, निळ्या चिकणमातीची डोक्याएवढी ढेकळं, आणि सगळीकडे दगड.

मार्लिसने गाडीचं दारही लावलं नाही. गावात जायचे चांगले बूट घालून ती तशीच चिखलातून निघाली. निम्म्या वाटेवर एक बूट चिखलाने ओढून घेतला, तो तिने काढलाही नाही. एका पायात बूट, एका पायात मोजा, अशी ही एकसष्ट वर्षांची बाई बुलडोझरच्या पात्यासमोर जाऊन उभी राहिली.

चालकाने यंत्र थांबवलं. मुकादम धावत आला. रँडल त्याचं नाव, ओक्लाहोमाचा माणूस, चार महिन्यांत तिच्या चांगला ओळखीचा झालेला.

“बाई, बाजूला व्हा. तुम्हाला काही लागलं तर माझी नोकरी जाईल.”

“जाऊ दे. करारात काय लिहिलंय ते सांग आधी.”

“बाई...”

“काय लिहिलंय? वरची दीड फूट काळी माती वेगळी काढायची, वेगळी ठेवायची. भरताना आधी खालची, मग वरची. आणि रान ओलं असेल तर काम बंद. माझ्यासमोर सही केलीस ना?”

रँडलने टोपी काढून कपाळ पुसलं. “थंडी पडायच्या आत मला हा टप्पा संपवायचाय. आणि खरं सांगू का, माती ती माती. सगळी जमिनीतूनच काढली, सगळी जमिनीतच जाते आहे. एक घमेलंसुद्धा आम्ही घरी नेत नाही.”

“उद्या तुझं पोट फाडलं आणि आतडी वर ठेवून कातडी आत शिवली, तर चालेल का तुला? सगळं तुझंच आहे. घरी कोणी काही नेत नाही.”

पोकलेनवरचा माणूस फिस्सकन हसला. रँडल हसला नाही. तो जरा जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, “बाई, माझ्यावर ओरडू नका. सकाळी सात वाजता मी तुमच्या भावाला फोन केला होता. रान ओलं आहे, काय करू म्हणून विचारलं. ते म्हणाले, उरका एकदाचं.”

चराच्या काठावर पडलेलं एक निळं ढेकूळ मार्लिसने उचललं, छातीशी धरलं आणि आली तशी परत गेली.

व्हर्लिनचं घर रस्त्यापलीकडे. तो तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुली दूर शहरांत. दोनशे चाळीस एकरांचं रान भावाबहिणीच्या नावावर अर्धंअर्धं, कसायचे दोघं मिळून. उबेनांच्या घरात अजून चहाच पितात. आजोबा हार्म उबेन जर्मनीच्या समुद्रकाठावरून आले ते चहाची किटली घेऊनच. मार्लिस आत शिरली तेव्हा व्हर्लिन कपात खडीसाखरेचा खडा टाकून वर चहा ओतत होता.

तिने ते ढेकूळ टेबलाच्या मधोमध आदळलं. चहा सांडला.

“हे काय?”

“तूच सांग. उरका म्हणालास ना?”

व्हर्लिनने फडकं घेतलं, सांडलेला चहा पुसला, मग खुर्चीत बसला. “म्हणालो. बरोबर आहे. पोरं सकाळपासून थांबली होती. आज नाहीतर पुढच्या आठवड्यात, कधीतरी करणारच होती.”

“पुढच्या आठवड्यात रान वाळलं असतं.”

“नाहीतर आणखी पाऊस पडला असता. मार्ली, शंभर फुटांचा पट्टा आहे. अर्धा मैल. बाकी सगळं रान जसंच्या तसं आहे.”

“शंभर फूट! तू मोजतोस कसा रे? रुंदीत? बाबांनी आपल्याला खड्ड्यात उतरवून दाखवलं होतं ते आठवतंय का?”

त्याला आठवत होतं, म्हणूनच त्याने मान फिरवली. गुरांच्या पाण्याची टाकी बसवायला बाबांनी आठ फूट खड्डा खणला होता, तेव्हा दोघं शाळेत होती. बाबांनी दोघांना शिडीने खाली उतरवलं आणि भिंतीवर बोट फिरवत वर नेलं. तळाला निळसर, घट्ट, ओल्या साबणासारखी चिकणमाती. तिच्यात गुलाबी ग्रॅनाइटचे खडे, चुनखडीचे तुकडे, काळ्या पाटीच्या दगडाच्या चकत्या. यातला एकही दगड इथला नाही, बाबा म्हणाले होते, बर्फाने उत्तरेकडून दळत दळत आणला आणि वितळताना इथे टाकून गेला. त्याच्यावर पिवळी, मग तपकिरी, आणि सगळ्यात वर दीड फूट काळा पोयटा. मुठीत धरला तर गोळा होतो, अंगठ्याने दाबला की फुटतो. पाणी धरतो पण तुंबवत नाही. बर्फाने नुसतं पीठ आणून टाकलं, त्याची भाकरी गवताने केली, बाबा म्हणाले होते. दहा-बारा हजार वर्षं गवत वाढलं, मेलं, मुळं कुजली, तेव्हा कुठे हा दीड फूट झाला.

“आठवतंय,” व्हर्लिन म्हणाला. “माझा गुडघाही आठवतोय मला. दर वसंतात दगड वेचून वेचून गेलेला. मी थकलोय, मार्ली. रोज उठून त्या मुकादमाशी भांडायचं बळ माझ्यात नाही.”

“भांडत मी होते. तू फक्त फोन उचलायचा नव्हतास.”

ती गेली. ढेकूळ टेबलावरच राहिलं. त्या हिवाळ्यात दोघांनी मका काढला, गुरांना चारा घातला, यंत्रं धुऊन ठेवली, आणि कामापुरते शब्द सोडले तर एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. रविवारी चर्चमध्येही मार्लिस दुसऱ्या बाकावर बसू लागली. गावात कुजबुज झाली. तिने होऊ दिली.

वसंतात चराचा पट्टा स्वतःच बोलायला लागला. सगळीकडचं बर्फाचं पाणी मुरलं, पट्ट्यावर मात्र डबकी राहिली. खणताना आजोबांनी घातलेले भाजलेल्या मातीचे निचऱ्याचे नळ फुटले होते. कंपनीने ते प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी जोडले होते, पण वरची माती यंत्रांखाली एवढी दबली होती की पाणी नळापर्यंत पोचतच नव्हतं. ऊन पडलं तशी त्यावर पापडी धरली. एप्रिलअखेरी मका पेरला, तो बाकीच्या रानात तरारून आला. पट्ट्यावर दहातले चार दाणे वर आले, तेही पिवळे, वीतभर. टेकाडावर उभं राहिलं की हिरव्या रानातून कोणी करड्या रंगाचा पट्टा मारल्यासारखं दिसायचं. मार्लिस रोज एकदा तिथे जाऊन उभी राहायची. गेली नाही तर राग कमी होईल अशी तिला भीती वाटायची.

मे महिन्यात कंपनीने आपला मृदातज्ज्ञ पाठवला. डॉक्टर पेल, स्वच्छ बुटांचा, सभ्य माणूस. त्याने गिरमिटाने सहा ठिकाणी भोकं पाडली, पिशव्या भरल्या, तिला छान दिवस आहे म्हणाला आणि गेला. दोन आठवड्यांनी अहवाल आला: वरच्या थराचं पुनःस्थापन समाधानकारक. पीक विरळ असण्याचं कारण थंड वसंत.

“थंड वसंत!” मार्लिसने तो कागद वाचून स्वयंपाकघरात एकटीनेच ओरडून म्हटलं. “वसंत काय शंभर फूट रुंद असतो का?”

तिने आसपासच्या तीन जिल्ह्यांच्या संयुक्त मंडळाकडे तक्रार लावली. पाइपलाइन अजून पुढच्या दोन जिल्ह्यांतून जायची होती, तेव्हा मंडळाला सुनावणी घ्यावीच लागली. जूनच्या दुसऱ्या मंगळवारी कोर्टाच्या इमारतीतल्या मोठ्या खोलीत चाळीसेक शेतकरी जमले. समोर मंडळाचे तिघं. अध्यक्षबाई दूधवाल्यांच्या घरातल्या, कोणाचं फार ऐकून न घेणाऱ्या. एका बाजूला कंपनीचा वकील आणि डॉक्टर पेल. व्हर्लिनही आला होता. तो शेवटच्या रांगेत भिंतीशी बसला.

पेलने अर्धा तास तक्ते दाखवले. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, “मिस उबेन, तुमचं काय म्हणणं आहे? थोडक्यात सांगा.”

मार्लिस दोन बादल्या घेऊन पुढे गेली. “ही पट्ट्यावरची माती. अगदी वरची, तीन बोटांच्या आतली. आणि ही त्याच टेकाडावरची, पट्ट्यापासून वीस पावलांवरची. तीही वरचीच. दोन्ही आज सकाळी तुमच्या मृदा विभागाच्या माणसाला उभं करून काढल्या. हा त्याच्या सहीचा कागद.” मग तिने पिशवीतून व्हिनेगरची बाटली काढली.

“हे काय?” वकिलाने विचारलं.

“लोणच्याचं व्हिनेगर. दुकानातलं.”

तिने दोन बशा ठेवल्या, दोन्हींत मूठमूठ माती घातली. आधी काळ्या मातीवर व्हिनेगर ओतलं. काही झालं नाही. माती फक्त ओली झाली. मग करड्या मातीवर ओतलं. लगेच फेस आला. बारीक बुडबुडे भराभर वर यायला लागले, आणि त्या गप्प खोलीत पहिल्या दोन रांगांना त्याचा आवाजसुद्धा ऐकू गेला.

“बर्फाने आणलेल्या मातीत चुना असतो,” मार्लिस म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, आणि तो थरथरतो याचा तिला आणखी राग येत होता. “वरच्या मातीतला चुना पावसाने हजारो वर्षांत धुऊन निघालाय. आमच्या टेकाडावर अडीच-तीन फूट खणल्याशिवाय फेस येत नाही. मग हा वरच्या तीन बोटांत कुठून आला? समाधानकारक चालत आला का?”

मागे हशा पिकला. पेल उठला. “या भागात खोलगट जागांच्या कडेला पृष्ठभागावरही चुना सापडतो. हे सगळ्यांना माहीत आहे.”

“माहीत आहे ना! खोलगट जागांच्या कडेला. हे टेकाड आहे, डॉक्टरसाहेब. तुम्ही चढून गेला होतात. दम लागला होता तुम्हाला.”

अध्यक्षबाईंनी हातोडी आपटली, पण त्याही ओठ दाबून हसत होत्या. वकील मात्र शांत होता. त्याने एक कागद वर धरला. “ठीक आहे. समजा माती मिसळली. पण त्या दिवशी काम करायला जमीनमालकानेच परवानगी दिली होती. मिस्टर व्हर्लिन उबेन इथे आहेत का?”

व्हर्लिन भिंतीला धरून उठला. सगळ्यांनी माना वळवल्या. मार्लिसने वळवली नाही. तिला वाटत होतं, तो म्हणेल, मुकादमाने रान ओलं असल्याचं सांगितलं नव्हतं. किंवा माती मिसळतील असं मला माहीत नव्हतं. हे दुसरं तर खरंही होतं.

“हो,” व्हर्लिन म्हणाला. “मीच म्हणालो, उरका. माती मिसळा असं मी म्हणालो नव्हतो. पण ते मिसळतील हे मला कळायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही.”

निकाल तासाभरात लागला. पुढच्या दोन जिल्ह्यांत ओल्या रानात काम बंद, आणि प्रत्येक चराशी मंडळाचा स्वतंत्र निरीक्षक, कंपनीच्या खर्चाने. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उबेनांच्या रानाबद्दल मात्र मालकाच्या परवानगीमुळे मंडळाला काही करता येत नव्हतं. कंपनीने हवं तर पट्टा खोल नांगरून द्यावा, एवढी सूचना. बाहेर पायऱ्यांवर अनोळखी शेतकऱ्यांनी मार्लिसचे हात धरले. दक्षिणेकडच्या जिल्ह्यातली एक म्हातारी म्हणाली, “तुझ्यामुळे आमचं रान वाचलं गं.” मार्लिसने हो हो म्हटलं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण दुसऱ्याचं रान वाचवायला आपलं रान मेलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

व्हर्लिन तिच्या गाडीपाशी थांबला होता.

“खोटं बोलायला हवं होतं का मी?”

“नाही,” ती म्हणाली. “फोनवर खरं बोलायला हवं होतंस. थकलोय, मार्लीला विचारतो, एवढं म्हणायचं होतंस.”

“तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“मग?”

व्हर्लिन आपल्या गाडीकडे वळला.

नोव्हेंबरात व्हर्लिनने सांगितलं की तो आता शेती सोडणार. आपला वाटा भाड्याने द्यायचा. मोठमोठी रानं कसणारी, एकदम छत्तीस ओळी पेरणारं यंत्र असलेली एक मंडळी विचारत होती. तेव्हा रान वाटून घ्यावं. रस्त्याने सरळ दोन तुकडे पडत होते. उत्तरेचा तुकडा अखंड, काळाभोर, नळ शाबूत. दक्षिणेच्या तुकड्यातून पट्टा गेलेला.

“तू उत्तरेचा घे,” व्हर्लिन म्हणाला. त्याने हे आधीच ठरवून ठेवलं असावं, कारण नकाशावर तिचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं. “चूक माझी. पट्टा माझ्याकडे राहू दे.”

मार्लिसने नकाशा स्वतःकडे ओढला. “आणि तू तो कोणाला देणार? छत्तीस ओळींवाल्याला? तो त्या पट्ट्यावरून यंत्र नेईल आणि कमी पीक आलं म्हणून आणखी खत ओतेल. त्याला काय पडलंय! दक्षिणेचा मी घेते.”

“मार्ली, त्यात तोटा आहे.”

“मला शिकवतोस?”

“तू हे माझ्यावर राग काढायला करते आहेस.”

“निम्मं तुझ्यावरच्या रागाने,” मार्लिस म्हणाली. “निम्मं रानासाठी. तुला काय वाटलं, माझ्याकडे एकाच कामापुरता राग आहे?”

तिने खोडरबरने नाव पुसलं आणि दक्षिणेच्या तुकड्यात लिहिलं. व्हर्लिनने खाली सही केली.

पुढच्या वसंतात तिने कंपनीची नांगरट नाकारली. खोल नांगरलं तर आणखी निळी माती वर येईल हे तिला दिसत होतं. जमीन वाळल्यावर तिने स्वतः लांब फाळाने नुसत्या चिरा पाडल्या, न उलथता. शेजारच्या गोठ्यातलं शेणखत चाळीस गाड्या आणून पसरलं. दगड वेचले, ढीग ट्रॅक्टरच्या चाकाएवढा उंच झाला. मग लसूणघास पेरला, कारण त्याची मुळं खोल जातात. जे व्हायला हजारो वर्षं लागली असं बाबा सांगायचे, ते तिच्या हयातीत बोटभरही होणार नव्हतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्यानेच ती सकाळी पाच वाजता उठायची.

जुलैत एक पांढरी गाडी येऊन टेकाडाखाली थांबली. उतरला तो गळ्यात कॅमेरा अडकवलेला तिशीचा माणूस. घास गुडघाभर हिरवा झाला होता, जांभळी फुलं आली होती, मधमाश्या घोंगावत होत्या.

“वा, काय सुंदर!” तो म्हणाला. “मी पाइपलाइन कंपनीकडून आलोय. वार्षिक पुस्तिकेसाठी फोटो हवेत. पूर्ववत झालेली जमीन. तुम्ही पण उभ्या राहा ना, जरा हसून.”

मार्लिस ढिगावर दगड टाकत होती. तिने हातातला दगड टाकला, ट्रॅक्टरमागचं फावडं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

“खण.”

“अं?”

“इथे. पायाखाली. खण.”

तो बिचारा गोंधळून हसला, पण तिचा चेहरा बघून त्याने कॅमेरा पाठीवर सरकवला आणि फावडं घातलं. वीतभर गेलं आणि ठप्प झालं. त्याने पाय दिला. पात्याने दगडावर करकर केली. तो घामाघूम झाला तरी फावडं पुढे जाईना.

“आता इकडे ये.” तिने त्याला पट्ट्याच्या कडेपलीकडे, मक्याच्या ओळीत नेलं. “इथे खण.”

फावडं दांड्यापर्यंत आत गेलं. त्याने माती उचलली तर काळी, भुसभुशीत, मुळांनी धरलेली. तो एकदा हातातल्या मातीकडे, एकदा मागच्या हिरव्या पट्ट्याकडे पाहत राहिला.

“हे मला कोणी सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला.

“मी सांगितलं. आता दोन्ही खड्ड्यांचे फोटो काढ, शेजारी शेजारी छाप, आणि खाली पूर्ववत लिही. जमेल?”

त्याने मान हलवली. नाही जमणार. मग त्याने फावडं नीट तिच्या हातात दिलं, खड्डे पायाने बुजवले आणि एकही फोटो न काढता गाडीत जाऊन बसला. गाडी वळवताना त्याने खिडकीतून हात हलवला. मार्लिसने हलवला नाही. मधल्या वेळेत ट्रॅक्टर बंद पडला होता. ती शिव्या देत त्याच्यावर चढली, दोनदा किल्ली फिरवली, तिसऱ्यांदा तो चालू झाला, आणि ती उरलेले दगड वेचायला पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे निघाली.